सगळ्यांना एकेक आयटम नको

डिसेंबर आला की पणजीत दोन गोष्टी हमखास उभ्या राहतात: कांपालच्या बाजूला मांडवाचे लोखंडी सांगाडे आणि वर्तमानपत्रांत महोत्सवांवरचा वाद. नोव्हेंबरात इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, गर्दी ओसरते, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त होतं आणि मग शहर कलामहोत्सवाच्या ताब्यात जातं. वादातले पक्षही ठरलेले असतात. एक म्हणतो, हे सगळं भायल्यांनी, म्हणजे बाहेरच्यांनी, भायल्यांसाठी मांडलेलं, गोंयकाराच्या वाट्याला फक्त वाहतुकीची कोंडी. दुसरा म्हणतो, गोवा मुळातच सगळ्यांना सामावून घेणारा. कार्यक्रमपत्रिका पाहा, फुगडी आहे, मांडो आहे, कुणबी नाच आहे, एक कव्वालीसुद्धा आहे, आणखी काय हवं? पहिल्याला यादीत आपली नावं वाढवून हवीत, दुसऱ्याला आहे तीच यादी पुरेशी वाटते. यादीनेच सगळं ठरतं हे दोघांनाही मान्य आहे. मला ते मान्य नाही. पणजीत सगळ्यांचा म्हणता येईल असा कलामहोत्सव वाढवायचा असेल, तर प्रत्येक समाजाला मंचावर दहा मिनिटं देण्याची पद्धत आधी मोडावी लागेल. वाटा द्यायचाच तर तो निवड समितीत आणि पैशांत द्यावा. मंचावर मात्र कलांना एकमेकींच्या शेजारी भरपूर वेळ बसू द्यावं.

आपल्याला दोन खोक्यांत विचार करायची सवय जुनी आहे. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला तेव्हा मतपत्रिकेवर फूल आणि दोन पानं एवढेच पर्याय होते. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191. तो प्रश्नच तसा होता. राज्य कुणाचं हे ठरवताना अर्धं फूल आणि एक पान असं मत देता येत नाही. पण त्यानंतर गोव्यातला प्रत्येक सांस्कृतिक प्रश्न आपण त्याच मतपत्रिकेवर छापत आलो. मराठी की कोंकणी, देवनागरी की रोमी (रोमन) लिपी, शिगमो की कार्निव्हल, गोंयकार की भायलो. कलामहोत्सवाचा वादही त्याच छापाचा. वास्तविक 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 66 टक्के लोकांची मातृभाषा कोंकणी, जवळपास 11 टक्क्यांची मराठी, साधारण तेवढ्यांचीच हिंदी आणि साडेचार टक्क्यांहून अधिकांची कन्नड आहे. धर्म पाहिला तर हिंदू 66, ख्रिस्ती 25 आणि मुसलमान आठ टक्क्यांच्या वर. हे आकडे मी महोत्सवाचे वाटे पाडण्यासाठी देत नाही. दोन खोक्यांत मावणारं हे गाव नव्हे, एवढंच त्यातून कळतं. आणि पर्यटनाच्या पुस्तिकांतला ‘हिंदू-ख्रिस्ती सलोखा’ हासुद्धा दोनच खोक्यांचा, जरा बऱ्या रंगांतला हिशेब आहे. सांकवाळ-झुआरीनगरातला कन्नडिगा, बायणेतला लमाणी, मडगाव-फोंड्यातला मुसलमान कारागीर त्यात कुठे बसतो? महोत्सवाचा मांडव बांधणारे हात पुष्कळदा त्यांचेच असतात. बहुसांस्कृतिक म्हणून आपण जो मंच मिरवतो, तो उभारणाऱ्यांची भाषा त्या मंचावरून ऐकू येते का?

एकेका आयटमची पद्धत कुठून आली, हेही पाहायला हवं. 1965 मध्ये पणजीत कार्निव्हलची मिरवणूक नव्याने सुरू झाली. मोमो राजा, चित्ररथ, रस्त्याच्या दुतर्फा माणसं. गावागावांत तीन दिवस चालणारा खेळ, अंगणातली थट्टामस्करी, ओळखीच्या माणसावर रचलेलं कांतार (गाणं) हे सगळं त्या मिरवणुकीत मावणारं नव्हतंच. मावला तो रथ. पुढे शिगमोत्सवाचीही मिरवणूक झाली. रोमटामेळ, लोकनृत्य, चित्ररथ असे गट पडले, गटवार बक्षिसं आली. गावच्या मांडावर, म्हणजे उत्सवाच्या पवित्र जागी, ढोलताशांचं रोमट घुमतं तेव्हा ते कुठे थांबायचं हे देव आणि दमसास ठरवतात. परीक्षकांच्या व्यासपीठासमोर ते घड्याळ ठरवतं. ज्याला त्या काही मिनिटांतच डोळ्यांत भरायचं आहे, तो पथकाचे कपडे एकसारखे शिवून घेणार, झेंडे वाढवणार, आवाज चढवणार. त्यात त्याचा दोष नाही, मोजपट्टीचा आहे. मिरवणुकांनी शहराला उत्सव दिला हे मी नाकारत नाही, आणि मुलांना खांद्यावर घेऊन रात्रीपर्यंत उभ्या राहणाऱ्यांचा आनंद खोटा म्हणायचा उद्धटपणाही करणार नाही. पण मिरवणुकीत एक पथक दुसऱ्याला पाहत नाही. सगळे एकामागोमाग त्याच दिशेने चाललेले असतात. कलामहोत्सवाची कार्यक्रमपत्रिका अशी मिरवणूक झाली, की धनगरांचा गजा नाच संपायला आणि फादो या पोर्तुगीज गाण्यांची गायिका मंचावर चढायला गाठ पडते, आणि दोघांची भेट होते ती विंगेतल्या चहाच्या पिंपापाशी.

आता कला एकत्र कशा येतात याचा आपलाच इतिहास पाहू. 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोंकणी नाटक, झाला. तो उभा करणाऱ्या लुकाझिन रिबेरोने आधी एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम केलं होतं, आणि त्या रंगभूमीचा डौल डोक्यात घेऊन त्याने कोंकणी खेळ रचला. त्याच्या बाराच वर्षं आधी, 1880 मध्ये, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं होतं, आणि त्यामागेही पारशी कंपन्यांच्या खेळांची प्रेरणा होती असं नाट्येतिहास सांगतो. म्हणजे गोव्यातले हिंदू जिला आपली समजतात ती संगीत रंगभूमी आणि ख्रिस्ती ज्याला आपला समजतात तो तियात्र, दोन्ही परक्याच्या थिएटराच्या दारात उभं राहून शिकलेले. हे कुठल्या समितीने घडवलं नव्हतं. माणसं शेजारी राहत होती, एकमेकांचं तिकीट काढत होती, एकमेकांच्या कंपनीत पोटासाठी राबत होती. आपल्या चर्चच्या पॅरिश शाळांत सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरवाचन) शिकलेले व्हायोलिनवादक मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत जाऊन हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ बांधू लागले, तेही शेजारच्या खुर्चीत सतारिया बसला होता म्हणून. संगम वगैरे शब्द नंतर भाषणांत आले.

याला सगळ्यात जोरकस आक्षेप माझ्याच बाजूचे लोक घेतील, आणि तो मला नीट ऐकून घ्यायचा आहे. ते म्हणतील, यादी मोडा म्हणणं ज्याचं नाव आधीच वर आहे त्याला परवडतं. ज्यांना कधी बोलावणंच आलं नाही त्यांच्यासाठी ती दहा मिनिटंच पहिली पायरी असते. यादी नसेल तर समितीतले लोक आपल्या ओळखीच्यांना बोलावतील आणि त्याला गुणवत्ता म्हणतील. हे खरं आहे. गोव्यात तर फारच खरं आहे. देवळांच्या सेवेतल्या ज्या कलावंत समाजाने मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर दिल्या, त्या समाजाच्या गाण्याला माना डोलत होत्या तेव्हाही त्याच माणसांना पंगतीत जागा नव्हती. केसरबाईंचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवरून सूर्यमालेबाहेर निघाला. केरीच्या देवळाच्या परिसरातून तो कुठल्या वाटेने बाहेर पडला, हे आपण फारसं बोलत नाही. म्हणजे गुणवत्ता आपोआप न्याय देते, या गोष्टीवर माझाही विश्वास नाही.

पण मग राखीव जागा नेमकी कुठे हवी? मंचावर मान देणं सोपं आहे, कारण त्याने काहीच बदलत नाही. एक फुगडीचा संघ येतो, नाचतो, प्रमाणपत्र आणि जेवणाचं कुपन घेऊन परत जातो. कार्यक्रम कुठला, किती वेळाचा, दिवे कसे, मानधन किती, कोणानंतर कोण, यातलं एकही त्याने ठरवलेलं नसतं. राखीव जागा हवी ती इथे. निवड समितीत तियात्रिस्त असावा, जत्रेतली नाटकं बसवणारा पेडण्याचा किंवा सत्तरीचा दिग्दर्शक असावा, गावडा-कुणबी समाजातली, धालो हे बायकांचं मांडावरचं नाचगाणं जाणणारी बाई असावी, वास्कोतला कन्नड रंगकर्मी असावा, आणि त्यांना सल्लागार असं गुळगुळीत नाव न देता खर्चाच्या ठराविक हिश्शावर सही करायचा अधिकार असावा. असा अधिकार मिळाला तर कदाचित ते आपल्या समाजाचा एकही आयटम ठेवणार नाहीत. धालोवाली बाई म्हणेल, धालो मांडावरच बरे, मला त्या पैशांत आमच्या मुलींना प्रकाशयोजना शिकवायची आहे. तिच्या त्या निर्णयात मला दहा मिनिटांच्या नाचापेक्षा जास्त सहभाग दिसतो.

याच ठिकाणी दुसरा गंभीर आक्षेप येतो, विधींचा. शिवोलीचा जागर, रात्रभर चालणारा विधी-खेळ, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून घालतात. नाताळानंतरच्या सोमवारी तो होतो, तो जागरेश्वराला दिलेल्या शब्दासाठी. तो उचलून पणजीत आणला तर देवही येत नाही आणि गावही येत नाही. उरतात रंगवलेले चेहरे. जे म्हणतात की अशा गोष्टींना महोत्सवाचा हात लागू नये, त्यांच्याशी मी जवळपास पूर्ण सहमत आहे. कुंकळ्ळीच्या शांतादुर्गेच्या छत्र्यांचा उत्सव कुणी ठेकेदाराने संकुलात भरवला तर मीही निषेधाच्या पत्रावर सही करीन. पण त्यावरून सगळ्याच लोककलांना कुंपण घालावं हे पटत नाही. त्या करणारी माणसं म्हणजे जत्रेतली दुकानं नाहीत, त्यांना स्वतःचं मत आहे. काय हलवता येतं आणि काय नाही, हे करणाऱ्यांनी सांगावं. जे हलत नाही तिथे प्रेक्षकाने जावं. महोत्सवाच्या तारखा डिसेंबरात पक्क्या असतात आणि जागरही डिसेंबराच्या शेवटाला येतो. मग त्या रात्री शिवोलीला जाणारी बस महोत्सवाच्या पत्रिकेत का नसावी?

बसचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबतो, कारण सर्वसमावेशकतेच्या चर्चेत तिकिटाचा दर येतो, बस येत नाही. प्रवेश मोफत ठेवला की दार सगळ्यांना उघडलं असं आयोजक समजतात. मोफत प्रवेशाचं मला कौतुकच आहे. पण रात्री दहाला नाटक संपल्यावर वाळपईला किंवा काणकोणला जायचं कसं? स्वतःची गाडी असलेला माणूस मध्यरात्रीही घरी पोचतो. कदंबच्या, म्हणजे सरकारी, बसवर अवलंबून असलेला कॉलेजचा मुलगा पहिला अंक संपताच घड्याळ पाहू लागतो. ज्या राज्याच्या राजधानीच्या महापालिका हद्दीत 2011 च्या मोजणीत जेमतेम 40,000 माणसं होती, तिथल्या महोत्सवाचा प्रेक्षक तालुक्यांतून आला तरच तो गोव्याचा महोत्सव. नाहीतर पणजी हे सुंदर पार्श्वचित्र आणि जुन्या जीएमसीची (वैद्यकीय महाविद्यालयाची) इमारत हे छायाचित्रासाठी दार, एवढंच उरतं. प्रसिद्धीचंही तसंच. पत्रक इंग्रजीत, संकेतस्थळ इंग्रजीत, दालनातल्या चित्राखालची ओळ इंग्रजीत. देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी, मराठी आणि कन्नड एवढ्या चार मजकुरांचा खर्च एका स्वागत कमानीइतकाही नसेल. 1987 च्या राजभाषा कायद्याने रोमी लिपीला जागा दिली नाही हा तियात्रवाल्यांचा सल अजून ओला आहे. महोत्सवाला कायदा बदलता येणार नाही, पण त्यांच्या लिपीत निमंत्रण छापायला कुणाची हरकत आहे?

भायल्यांच्या पैशांबद्दल मात्र मी आपल्या लोकांहून वेगळं बोलणार. 2016 पासून सेरेंडिपिटीसारखा खाजगी प्रतिष्ठानाचा महोत्सव पणजीत होतो आहे, आणि त्यातून शहराला काही गोष्टी नक्की मिळाल्या. वापरात नसलेल्या सरकारी इमारतींत कला मांडता येते हे दिसलं. नाटक, चित्र, स्वयंपाक, हस्तकला यांना वेगवेगळे क्युरेटर असतात, ते वर्षभर आधी कामाला लागतात, हे इथल्या तरुणांनी जवळून पाहिलं. सरकारी उत्सवात शेवटच्या आठवड्यात फाइल हलते, हे आपल्याला सवयीचं. तेव्हा बाहेरचा पैसा म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. देवळांना आणि कला अकादमीला तरी पैसा कायम आतूनच आला का? प्रश्न एवढाच की महोत्सव गेल्यावर मागे काय राहतं. 2021 पासून दोनेक वर्षं कला अकादमी दुरुस्तीसाठी बंद होती आणि 2023 च्या जुलैत तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, तेव्हा चार्ल्स कोरियांच्या त्या एका वास्तूवर पणजीचं सगळं नाटक किती टेकून आहे ते उघडं पडलं. त्या काळात तालमीला जागा शोधत फिरणाऱ्या पथकांना डिसेंबरातल्या झगमगाटाचा काय उपयोग होता? मडगाव, कुडचडे, साखळी, बायणा इथली रवींद्र भवनं आणि फोंड्याचं कला मंदिर उभी आहेत. महोत्सवाने खर्चाचा एक भाग अकरा महिने तिथल्या तालमींवर घालावा आणि तिथे शिजलेलं डिसेंबरात पणजीला आणावं. वाढ म्हणतात ती हीच. पणजीच्या रस्त्यावर आणखी चार मांडव घातल्याने महोत्सव वाढत नाही, फक्त सुजतो.

शेजार म्हणजे प्रत्यक्षात काय, याचं एक उदाहरण देतो. घुमट. मातीचा घट, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असे, वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं आलं, आणि 2019 मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. चवथीच्या आरत्यांना घुमट लागतं, सुंवारीत शमेळ आणि कांसाळ्यांबरोबर ते बोलतं, आणि साष्टीच्या घरांतला मांडोही व्हायोलिनच्या जोडीला घुमटच घेतो. आता महोत्सवात एक अख्खी संध्याकाळ घुमटाची ठेवा. हिंदूंचं पथक, मग ख्रिस्त्यांचं पथक असा क्रम न लावता वादकांना आठ दिवस एका जागी राहू द्या, कुंभाराला बोलावा, बकऱ्याच्या कातड्याने नाद किती बदलला यावर जुने वादक वाद घालतील तो वाद प्रेक्षकांसमोर होऊ द्या. तीन तास. कंटाळून उठणारे उठतील. पण जे बसतील त्यांना ओळख होईल ती धर्मांची नव्हे, हातांची, आणि कुठला हात कुठल्या वाड्यावरचा ते त्यांना घरी गेल्यावर आठवेल. दहा मिनिटांत एवढं कधी होत नाही.

लोक थांबणार नाहीत, मोबाइलच्या दिवसांत तीन तास कोण बसतो, असं लगेच म्हटलं जाईल. काही जण खरंच बसणार नाहीत. पण बसण्याची सवय लावावी लागते आणि ती लागते. पुण्यात 1953 मध्ये भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथे नामांकित गायकासाठी आलेला माणूस आधी बसलेल्या नवख्या मुलीचा ख्याल ऐकतो, आणि पुढच्या वर्षी तिचं नाव विचारत येतो. क्रम लावणाऱ्याचं कसब त्यात असतं. इथेही जत्रेच्या रात्री मंडपात पहाटेपर्यंत नाटक पाहणारी गावं आहेतच, आणि रविवारी सहकुटुंब तियात्राला जाऊन कांतारांना वन्स मोअर देणारी माणसंही. ही दोन्ही प्रेक्षकगृहं भरतात, सरकारी मदतीशिवायही भरतात, पण एकमेकांच्या खुर्चीत बसत नाहीत. गोव्यातल्या कुठल्याही महोत्सवापुढचं खरं काम हेच आहे, आणि कुणाच्याही यादीत ते नाही. एका तिकिटावर तासाभराचा तियात्र आणि तासाभराची मराठी एकांकिका, मध्ये जेवण. पहिल्या वर्षी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होतील. होऊ द्या.

आणि ज्यांना समितीने तरीही बोलावलं नाही त्यांचं काय? त्यासाठी एडिंबरो आठवावं. महायुद्धानंतर 1947 मध्ये तिथे मोठ्या थाटाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या शहरात येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी खेळ लावले. आज तो बिनबुलाव्यांचा ‘फ्रिंज’ मूळ महोत्सवापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्याची दुसरी बाजूही आहे. ऑगस्टात तिथली भाडी छोट्या मंडळ्यांना परवडेनाशी झाली, आणि पणजीत डिसेंबरात खोली शोधणाऱ्याला ते वेगळं समजवायला नको. तेव्हा आंधळी नक्कल नको, पण दार उघडं ठेवण्याची रीत घेण्यासारखी आहे. आझाद मैदानावर किंवा पणजीच्या मळा भागात एक जागा अशी ठेवावी की जिथे नाव नोंदवणाऱ्याला फक्त वेळ मिळेल, निवड होणार नाही. वीज, ध्वनी, एक दिवेवाला, आणि बाहेरगावच्यांना झोपायला एखाद्या शाळेचे वर्ग. लमाणी बायकांची गाणी, कॉलेजातलं रॅप, डिचोलीतल्या शिक्षकाचं कीर्तन, काय वाटेल ते. त्यात बरंच सुमार असेल, आणि त्याची जबाबदारी कुणावर नसेल.

आम्हा मराठीवाल्यांना मला एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. दरवर्षी कार्यक्रमपत्रिका हाती आली की आम्ही मराठी नाटकं किती ते मोजतो आणि निवेदन लिहितो. अन्याय होत असेल तर निवेदन लिहावंच. पण गावोगावच्या उत्सवी नाटकांतून आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतून घडलेले नट, नेपथ्यकार, ऑर्गनवादक आमच्याकडे आहेत. एवढं मनुष्यबळ बाळगणाऱ्या माणसांनी एका प्रयोगाची भीक का मागावी? त्याऐवजी येत्या पावसाळ्यात, नाटकं बंद असतात तेव्हा, फोंड्यातल्या एखाद्या मंडळाने मडगावच्या तियात्र मंडळाला चिठ्ठी पाठवावी: तुमचा कांतारवाला आणि आमचा ऑर्गनवाला महिनाभर एकत्र बसतील का? जागा आमची, चहा आमचा. उत्तर येईपर्यंत निवेदन थांबलं तरी चालेल.